ठमीचा पडदा आणि माळावरचे गोचीड

तिसरी घंटा झाली असं समजा. ज्यांना खोकायचं होतं ते खोकून बसले, दिवे मंद झाले, आणि पडदा वर गेला.

समोर अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधला माळ. हिवाळ्यातली सकाळ. डावीकडे ओढा, ओढ्यात धुण्याचा सपाट दगड. मागे टेकडी आणि तिच्या पायथ्याशी तारेचं कोरं करकरीत कुंपण. उजवीकडे लांब कारखान्यांची धुराडी, आणि त्यांच्याही पलीकडे धुरकटात हरवलेलं उल्हासनगर. मधोमध, गुडघाभर उंच गवतावर, एक अवाढव्य पांढरा पडदा पसरलेला. त्याच्या चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवून, कमरेवर हात घेऊन, गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली, कपाळावर गोंदलेली एक बाई उभी आहे. सैन्याची पाहणी करणाऱ्या सेनापतीसारखी ती पडद्याकडे बघते आहे.

ही आपली नायिका. हिचं नाव ठमी.

ठमी बारवीकडच्या डोंगरातल्या एका ठाकरवाडीची. पावसाळ्यात भातलावणी, एरवी डोक्यावर लाकडाची मोळी, आणि मोसम असेल तेव्हा टोपलीत शेवळं नाहीतर कंटोळी, अशा रानभाज्या. हे सगळं घेऊन ती अंबरनाथला कामगारांच्या चाळींत उतरायची. तिथल्या बायकांशी भावावरून भांडायची आणि निघताना ज्यांच्याशी भांडली त्यांच्याच घरी चहा प्यायची. अशा बाईचा नाटकाशी संबंध कसा आला, तर तो मयतामुळे आला.

झालं असं, की एका संध्याकाळी चाळीमागच्या हॉलवरून जाताना तिला आतून रडारड ऐकू आली. बायका हंबरडा फोडत होत्या, कुणी तरी "बाबा, बाबा" करत होतं. आता ओळखीची वस्ती, रोजचं येणंजाणं, आणि दारावरून तसंच पुढं जायचं? ठमीने मोळी बाहेर टेकवली, मागच्या दाराने आत शिरली, आणि रडणाऱ्यांच्या शेजारी बसून रीतसर गळा काढला. तिचा गळा असा लागला, की बाकीचे रडायचे थांबले. ठमीने डोळे पुसत विचारलं,

"कोण गेलं वं?"

मढ्याने डोकं वर केलं आणि म्हणालं, "मी."

ती तालीम होती. मढं म्हणजे सदू, कारखान्यात लेथवर काम करणारा. सदूला रंगभूमीचं वेड फार, पण पाठांतर शून्य. त्यामुळे त्याला नेहमी पहिल्या अंकात मरणाऱ्याचं काम मिळे. मरणं मात्र त्याच्यासारखं कुणाला जमत नसे. पापणी हलायची नाही, पोट हलायचं नाही. चाळीतल्या म्हाताऱ्या त्याचं मरण बघायला पुन्हा पुन्हा यायच्या.

त्या दिवसापासून ठमी नाटकवाल्यांची झाली. कामगारांच्या या नाट्यमंडळाचा मागचा पांढरा पडदा वर्षातून एकदा, नाट्यस्पर्धेच्या आदल्या दिवशी धुवायचा. मांजरपाटाच्या पट्ट्या जोडून केलेला तो पडदा ओला झाला की चार माणसांना उचलत नसे, आणि त्याचं ओझं झेलेल अशी दोरी चाळीत नव्हती. ठमी म्हणाली, "आणा हिकडं. माळावर टाकते, बगळ्यावानी पांढरा करून आणते." तिने तो आणलाही. मोबदल्याची गोष्ट निघाली तेव्हा तिने एकच मागणी केली. डाव्या विंगेत, दोरीच्या खुंटीपाशी, एक गोणपाट. त्यावर बसून तिला नाटक बघू द्यायचं. दरवर्षी, प्रत्येक प्रयोगाला.

ही जागा ठमीची दौलत. तिथून तिला अंधारात पाणी पिणारे नट दिसत, प्रवेश करण्याआधी छातीला हात लावणारी उमा दिसे. उमा कारखान्यात टेलिफोनवर होती आणि नाटकात सगळ्यांची आई व्हायची. सदू मेला की ठमी खऱ्या आसवांनी रडायची, दर वेळी. दिग्दर्शक मधुभाऊ साळवे स्टोअरमध्ये कारकून, शिस्तीचा माणूस. त्यांनाही सवय लागली होती. विंगेतून नाक ओढल्याचा आवाज आला की ते समाधानाने मान हलवायचे. सीन लागला.

आणि मग तो सत्त्याऐंशी सालचा हिवाळा आला.

त्या वर्षीचं नाटक मधुभाऊंनी स्वतः लिहिलेलं. बाप मेलाय, मढं घरात आहे, आणि तीन पोरगे वाटणीवरून भांडतायत. सदूचं मढं मागच्या पडद्याच्या पायाशी, अंकभर. इतका मोठा मृत्यू सदूच्या वाट्याला याआधी आला नव्हता. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत परीक्षक. मागे ठमीने आदल्या दिवशी माळावर वाळवलेला, घडी घालून ट्रंकेत रात्रभर ठेवलेला पडदा झगमगत होता. विंगेत ठमी गोणपाटावर, पदराचं टोक आधीच हातात.

थोरला मुलगा म्हणाला, "बाबांनी घर माझ्या नावावर केलंय!" आणि बाबांचा अंगठा हलला.

धाकटा म्हणाला, "खोटं!" आणि बाबांनी एका पायाने दुसरा पाय खाजवला.

लोक हसले. उमा प्रसंगावधानी, तिने "अहो, जातानासुद्धा जिवाला शांतता नाही हो!" असं पदरचं वाक्य घालून मढ्यावर पडून घेतलं. ती पडली आणि क्षणात उठली, कारण आता तिची मान चावत होती. मधला मुलगा रडता रडता काख खाजवू लागला. सदू मात्र थोर नट. दात खाऊन पडून राहिला. पण कुणी तरी त्याच्या कानात शिरलं, आणि अंकभर मेलेला तो माणूस ताडकन उठून, धोतर सावरत, "मेलो! मेलो!" करत उजव्या विंगेतून पळाला.

परीक्षकांतले एक गृहस्थ खुर्चीवरून खाली घसरले. हसून.

आतल्या दिव्याखाली सदूची बनियन झटकली तर खसखशीएवढे ठिपके चालताना दिसले. गोचिडाची पिल्लं. पडद्याची खालची किनार त्यांनी भरलेली.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या खोलीत खटला उभा राहिला.

"ठमाबाई, पडदा वाळवला कुठं?" मधुभाऊंनी विचारलं.

"माळाव. दरसाल वाळवते तिथंच."

"मग त्यात गोचीड कुठून आले?"

"ते मला काय इचारता? माळाव गोचीड नाय. माजी आय त्या माळाव गुरं राखायची. मी तिथं लोळून वाढलेय. उघडाबोडका माळ, टाच भाजंल असा. तिथं गोचीड जगंल का?" मग तिने कोपऱ्यात कानात तेल घालून बसलेल्या सदूकडे बघितलं. "ह्या सदूभाऊच्याच अंगावचे असतील."

"माझ्या अंगावर बायकोची नजर असते, ठमे. गोचिडाला जागा कुठली?"

"मावशीला कशाला बोलता?" उमा म्हणाली. "हॉलमध्ये कुत्री झोपतात, त्यांचे असतील."

मधुभाऊ मात्र दुखावलेले होते. स्वतः लिहिलेलं पहिलं नाटक, त्याचं असं झालेलं. महिन्याभराने बदलापूरला दुसरी स्पर्धा होती. ते म्हणाले, "यापुढे पडदा लाँड्रीत जाईल. आणि विंगेत नटांशिवाय कुणी बसणार नाही."

ठमीने गोणपाटाच्या घडीकडे बघितलं. शेवळांची टोपली परत आणावी लागली तरी न उतरणारा तिचा चेहरा तेव्हा उतरला. पण ती ठाकरीण होती. तिने पैज मांडली.

"असं नका करू. एकदा माज्यासंगं माळाव चला. पडदा टाकू, तुमी राखण बसा. गाय नाय येऊ देनार, कुत्रं नाय येऊ देनार. तरी नुसत्या गवतातून गोचीड आलं, तं ठमी पुन्यांदा विंगेत बसनार नाय. आन् नाय आलं, तं तुमी समद्यांनी माजी माफी मागायची."

आरोपीचं ऐकून घेतल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे मधुभाऊ घरातूनच शिकून आलेले. रविवारी तिघं माळावर गेली. ठमी, मधुभाऊ, आणि फिर्यादी म्हणून सदू.

ठमीने पडदा भिजवला, आपटला, पिळला, दोघांना ओढायला लावून पसरला. मग हातात काठी घेऊन फिरू लागली. एक वासरू आलं, हाकललं. एक कावळा पडद्यावर सावली टाकून गेला, त्यालाही शिव्या दिल्या. मधुभाऊंनी धोंड्यावर बसून नाटकाची दुरुस्ती केली. सदू भाकरी खाऊन झोपला, आणि सवयीने असा झोपला की वाटेने जाणारी एक गुराखीण थांबून "कोण गेलं?" असं विचारून गेली.

ऊन डोक्यावर आल्यावर ठमीने पडद्याचा कोपरा उचलून उलटा केला. खालच्या बाजूला ठिपके होते. चालणारे.

तिने दुसरा कोपरा उचलला. कुंपणाकडच्या बाजूला तर तीळ सांडल्यासारखे. फक्त एक टोक जिथं पोरांनी क्रिकेट खेळून जमीन उघडी केली होती, तिथला पडदा लख्ख होता. ठमी खाली बसली, गवताच्या पात्याच्या पार जवळ डोळे नेले. पात्याच्या टोकावर गोचिडाची पिल्लं गोळा होऊन बसली होती, पुढचे पाय हवेत ताणून. विंगेत उभा राहून आपल्या प्रवेशाची वाट बघणारा नट असाच असतो. कधी कुणाचं अंग जवळून जातंय आणि कधी आपण चिकटतोय!

मग ठमीने मान वर करून माळाकडे बघितलं. इतकी वर्षं ती त्याच्याकडे आईच्या वेळच्या डोळ्यांनी बघत होती. वर्षातून एकदा यायचं, पडदा टाकायचा, जायचं.

"हितं येवडं गवात कवा आलं?" ती पुटपुटली.

"कुंपण झाल्यावर," सदू उठून बसत म्हणाला. "वर झाडं लावलीत ना. आता गुरं टेकडीवर जाऊ देत नाहीत. मग सगळी इथंच, ओढ्याच्या या पट्टीत. तीन वाड्यांची, शिवाय तबेल्यातल्या भाकड म्हशी. जिथं दाटी तिथं गोचीड."

"पन होळीच्या टायमाला जुनं गवात जाळायचे की! समदी घाण जळून जायची."

"त्या बाजूला बिल्डिंगी झाल्यात, ठमाबाई," मधुभाऊंनी हात दाखवला. "त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. दोन वर्षांपूर्वी तक्रार झाली, जाळणं बंद पडलं."

ओढ्याच्या काठाने घाणेरीची झुडपं माजली होती. त्यांच्याखाली हात घातला तर भर दुपारी जमीन ओलसर, गार लागत होती. तिथं उंदीर होते, ससे होते, सावलीत बसणारी कुत्री होती. गोचिडाला याहून चांगला मंडप कुणी घालून दिला असता?

"आन् बगळं?" ठमीने विचारलं. "गुरांच्या पायात बगळं असायचे. पाठीवं कोतवाल पाखरू बसायचं. टिपून टिपून खायाचे."

"बगळे उल्हासनगरला कचऱ्याच्या ढिगावर असतात हल्ली," सदू म्हणाला. "तिथं रोजची पंगत. एकेक गोचीड टिपायला इथं कोण येतंय? ठमे, अगं सेट बदलला. आपण पडदा पाडून चहा प्यायला गेलो, आणि मागे कुणी तरी सगळा सेट बदलून टाकला."

ठमीने पडदा झटकायला घेतला. तो पुन्हा दगडावर आपटला, पुन्हा पिळला, क्रिकेटच्या उघड्या जागेवर तुकड्यातुकड्याने वाळवला. काम पुरं केल्याशिवाय ती हलणारी नव्हती. दिवस बुडायच्या आत घडी मधुभाऊंच्या हातात दिली.

"हरले मी," ती म्हणाली. "बोलले तसं व्हईल."

"अहो ठमाबाई, तसं नव्हे..." मधुभाऊ म्हणू लागले. पण त्याच क्षणी त्यांची पोटरी अशी काही खाजली, की वाक्य अर्धंच राहिलं. खाजवून होईपर्यंत ठमी ओढ्यापलीकडे गेली होती.

त्यानंतर ठमी चाळीत यायची, मोळी विकायची, भांडायची, पण हॉलच्या बाजूची गल्ली टाळायची. एका संध्याकाळी लांबूनच हॉलमधली रडारड ऐकू आली, तेव्हा ती दोन मिनिटं थांबली. रडणं तिला खोटं वाटलं. उमा फार लवकर हंबरडा फोडत होती. सांगायला कुणी नव्हतं. ती पुढं निघाली.

इकडे तालमीत काही तरी बिनसलं होतं. सदू मरायचा, पण विंगेत कुणी नाक ओढायचं नाही. मधुभाऊ मान कधी हलवावी हे न कळून तशीच ताठ ठेवायचे. त्यात पडद्यावर कुणाचा तरी चहा सांडला. मधुभाऊंनी तो उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका धुलाईवाल्याकडे नेला. दुकानदार छाती ठोकून म्हणाला, "साईं, ऐसा चमकेगा, पब्लिक नाटक छोड के पर्दा देखेगी!" त्याचं म्हणणं खरं ठरलं. त्याच्याकडे जीन्सच्या पँटी धुवायला येत. त्याच हौदातून पडदा निघाला तो निळा होऊन, मधे मधे गडद ढग असलेला.

स्पर्धा चार दिवसांवर. मधुभाऊ आणि सदू ते निळं गाठोडं आळीपाळीने डोक्यावर घेऊन डोंगर चढले. वाडीतली कुत्री भुंकली, पोरं गोळा झाली. ठमी घराच्या पुढं कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने गाठोडं सोडून बघितलं.

"ह्ये काय? आभाळ काडून आनलंत व्हय?"

मधुभाऊ ओशाळले. "धुऊन द्याल का? माळावर नको, पण..."

"माळाव कशाला?" ठमीने मागं बोट दाखवलं. भात झोडून झालेलं खळं होतं तिथं. शेणाने सारवलेलं, उन्हात कडक झालेलं, गवताचं एक पातं नाही, आणि वरून दिवसभर कोंबड्या टिपत फिरणाऱ्या. "मला आदी सुचायला हवं व्हतं. पन माळाचा लई इस्वास."

रिठे कुटले गेले. वाडीतल्या बायका कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी पडदा खळ्यावर पसरला तेव्हा सगळी वाडी भोवती बसली. निळा पुरता गेला नाही, पहाटेच्या उजेडाइतका राहिला. सदूला वाटलं, मरायला हा रंग बरा आहे. विंगेची गोष्ट कुणी काढली नाही. ठमी पैज विसरलेली नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी ठमीने पडदा स्वतः बदलापूरच्या हॉलवर पोचवला. मागून वाडीतली निम्मी माणसं आली होती. ती तिकिटाच्या खिडकीपाशी दाटीवाटीने उभी. ठमीने पडद्याची किनार बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली. शिवण उलटी करून बघितली. मग हात झटकले आणि मागच्या दाराकडे वळली.

डाव्या विंगेत, दोरीच्या खुंटीपाशी, तिचं गोणपाट अंथरलेलं होतं.

त्याच्या शेजारी सदू उभा होता. धोतर नेसलेला, कपाळाला अबीर, मरायला तयार.

"बस."

"नाय सदूभाऊ. मी बोललेय."

"तू पैज कशाची मारलीस? तुझ्या आईच्या माळाची. तो उघडाबोडका, टाच भाजणारा. तो माळ आता आहे कुठं? जो नाहीच, त्याच्यावर हरतेस कशी?" सदूचा आवाज खाली आला. "आणि खरं सांगू का ठमे, महिनाभर रोज मरतोय. कुणी रडत नाही. नुसतं नुसतं मरायला लाज वाटते गं."

ठमीने मधुभाऊंकडे बघितलं. मधुभाऊंनी घसा खाकरला, चष्मा पुसला, आणि गोणपाटाचा दुमडलेला कोपरा वाकून सरळ केला. शिस्तीच्या माणसाची माफी एवढीच असते.

ठमी बसली. लुगडं आवरलं, पदराचं टोक हातात घेतलं.

दुसरी घंटा झाली. सदू निळसर पडद्याच्या पायाशी जाऊन आडवा झाला. जाताना एकदा किनारीकडे संशयाने बघून घेतलं. मधुभाऊंचा हात दर्शनी पडद्याच्या दोरीवर. त्यांना राहवेना. त्यांनी खाली वाकून हळूच विचारलं, "ठमाबाई, पडदा नीट बघितला ना? काही नाही ना त्यात?"

ठमीने डोळे स्टेजवरून न हलवता उत्तर दिलं,

"पडद्यात काय नाय, मधुभाऊ. आता नाटकात काय असंल तं बगा."